आधी पाय, मग काठी

पिंपरी,
८ ऑक्टोबर १९५६

ती. कोंडाजीकाका,

नमस्कार. मी उद्धव. डेपोतल्या स्टोअरकीपर बबनरावांचा मुलगा. आठवतो का? छावणीमागच्या गोल्फच्या माळावर तुम्ही साहेब लोकांच्या पिशव्या उचलायचात, तेव्हा एका मोडक्या स्टिकची दांडी कापून तुम्ही मला दिली होतीत. तुम्ही गाव सोडून नीलगिरीला गेलात त्याला आता आठ वर्षं झाली. तुमचा पत्ता मला माळावरच्या भैरूनं दिला. त्याच्या टोपीतच होता, घडी करून.

मी मराठीत पत्र पहिल्यांदाच लिहितोय. शाळा कॅम्पातली, सगळं इंग्लिश मीडियम. त्यामुळे बोलतो तसंच लिहिणार, हसू नका.

आता मी इथल्या औषधाच्या नव्या फॅक्टरीत लॅबमध्ये लागलोय. रविवार सगळा माळावर जातो. आता इंडियन ऑफिसर खेळतात आणि आमच्यासारख्यांनाही खेळू देतात. नऊ होल तेच आहेत. हिरवळ अजून नाही, होलभोवती तीच तेल टाकलेली वाळू. काका, मला या खेळाचं वेड लागलंय! वडील म्हणतात, पगार झाला की पोरगं काठ्या घेऊन उन्हात जातं, ह्याचं लग्न कोण करणार.

अडचण अशी आहे. माझा बॉल सरळ जातच नाही. दहापैकी आठ उजवीकडच्या बाभळीत. मी कॅम्पातून एक जुनं इंग्लिश पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय की स्टिक मागे नेताना वजन उजव्या पायावर घ्या, स्टिक पूर्ण वर पोचली की तिथून डाव्या पायावर आणा. मी अगदी तसंच करतो. एका रविवारी तर वाण्याचे दोन तराजूकाटे मागून आणले, एकेका पाटावर एकेक पाय ठेवला आणि भैरूला आकडे वाचायला बसवलं. तो म्हणाला, "उद्धवराव, उजवा मण दाखवतोय आन् डावा पळून गेलाय."

दहा फेब्रुवारीला माळावर मोठी मॅच आहे. ऑफिसर विरुद्ध आम्ही. मला त्यात उतरायचंय. वजन कधी हलवायचं, कोणत्या क्षणी, तेवढं लिहा. मी स्टॉपवॉच लावून करीन.

तुमचा,
उद्धव


वेलिंग्टन, नीलगिरी,
२१ ऑक्टोबर १९५६

चि. उद्धवास कोंडाजीचा आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझी मऱ्हाटी चांगली हाय. हितं आठ वरीस कुणी मऱ्हाटी बोललं न्हाई, म्हणून दोनदा वाचलं. मी चौथी शिकल्याला, मीबी बोलतो तसंच लिवतो.

तुझं बुक लिवणारा खुर्चीत बसून लिवत आसंल. काठी वर पोचल्यावर निघालास, म्हंजी गाडी सुटल्यावर स्टेशनात शिरल्यासारखं हाय. हात पाठीमागं जातच आसत्यात, तवाच पाय पुढं निघाय पायजे. घड्याळ वाण्याला दे.

तू मोट बघितलीस का? बैल धावंच्या उतारावरनं खाली जात्यात, मोट पाणी घिऊन वर येती आन् थारोळ्यात, म्हंजी इहिरीच्या काठावरच्या कुंडात, वतती. येडा बैल मोट पुरती वतून झाली की मग मागं सराय लागतो. त्याचा नाडा ढिला पडतो, झटका बसतो. शाणा बैल पाणी पडत आसतानाच मागचा पाय उचलतो. त्याला कुणी सांगत न्हाई. तसं करायचं. आधी पाय, मग काठी.

आता तुझं पाय मला कसं दिसणार? तर आसं कर. बूट काढ. माती पातळ कालव, त्यात पाय बुडव, आन् जाड कागदावर उभा ऱ्हाऊन काठी फिरव. जिथं जोर आसंल तिथली माती कडंला सरकती आन् कागद दिसतो. सुकलं की मला धाड. साहेबांचं बूट वाळूत बघून मी त्यांचा बॉल कुठं गेला ते सांगायचो, तुझं तर उघडं पाय हायेत.

माती मातूर कुटलीबी चालायची न्हाई. रहाटणीला नदीच्या अंगाला आमची इहीर हाय. तिच्या थारोळ्यापाशी काळी माती हाय, तीच आण. चिकट आसती. ठसा सोडत न्हाई.

तिथं गोजाबाई आसंल, माझी मंडळी. तिला माझं नाव सांगू नको.

कोंडाजी


पिंपरी,
११ नोव्हेंबर १९५६

ती. काका,

दिवाळीत गेलो होतो रहाटणीला. पवना नदीतून सायकल खांद्यावर घेऊन. आणि घोटाळा केला.

काकू विहिरीवरच होत्या. मी म्हणालो, थोडी माती हवी आहे. त्या म्हणाल्या, "कशाला?" तुमचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून मी लॅबमधलं सांगितलं. आमचं औषध बुरशीपासून होतं, मातीत तऱ्हेतऱ्हेची बुरशी असते, म्हणून फॅक्टरीला तुमची माती तपासायचीय.

"माझ्या मातीला बुरशी? बुरशी तुझ्या तोंडाला!"

काका, मी अक्षरशः दोन पावलं मागे गेलो. मग त्यांनी माझ्या सायकलला बांधलेली पिशवी बघितली. खूप वेळ बघितली. पुढे आल्या, एक स्टिक अर्धी बाहेर ओढली, परत आत सरकवली. म्हणाल्या, "असल्या काठ्या मी वळखते." मग स्वतः खाली वाकून थारोळ्याजवळची माती ओंजळीनं माझ्या डब्यात भरली. "ने. तपासून काय निघालं ते सांगाया ये मातूर."

मला वाटतं त्यांना गोल्फचा फार राग आहे. स्टिक हातात धरली तेव्हा तोंड असं झालं होतं जणू विस्तव धरलाय.

सोबत चार कागद आहेत. फॅक्टरीतला पॅकिंगचा ब्राऊन पेपर. उजवा पाय कुठला, डावा कुठला ते कोपऱ्यात लिहिलंय. तिसरा शॉट बरा गेला होता, बाकी सगळे बाभळीत. पोस्टमास्तर म्हणाले, "हे काय पाठवतोस, जादूटोणा?"

मी मोट नीट बघितली नाही, घाबरलो होतो. पुढच्या रविवारी बघतो. पाय नक्की किती लवकर निघायला हवा? हात खांद्यापर्यंत आल्यावर, की त्याच्याही आधी?

उद्धव


वेलिंग्टन,
२५ नोव्हेंबर १९५६

चि. उद्धवास,

कागद पावलं. पैले दोन दिवस नुसतं उशाला ठेवलं व्हतं. वास हाय त्याला.

तुझा उजवा पाय बघ. टाच आशी रुतलीय जशी खुंटी ठोकली. डाव्याचा नुसता चवडा उमटलाय, टाच अधांतरी. म्हंजी तू डाव्या पायावर यायला भ्येतोस. बॉल गेल्यावर यावं म्हणतोस. तिसऱ्या कागदावर डाव्या टाचंची बाहीरची कड उमटलीय. ते बराबर. शेवटाला समदं वजन डाव्या टाचंवर आन् उजव्याचा नुसता आंगठा जिमिनीला. हात खांद्याला पोचायच्या आधी डावा पाय दाबाया लाग. सेकंद इचारू नको, मोट बघ.

तू माझं नाव सांगितलं न्हाईस, पर ती येडी न्हाई. आता तुला सांगतो. साहेब इलायतेला चालला तवा त्याच्या समद्या काठ्या इकणार व्हता. मला त्या पायजे व्हत्या. म्या आमचा पाखऱ्या बैल इकला आन् काठ्या घरी आणल्या. शाणा बैल म्हणून लिवलं ना, त्योच पाखऱ्या. त्याच्याकडनं शिकलो आन् त्यालाच इकला. गोजा दारात उभी व्हती. म्हणाली, "आता ह्या काठ्यांनीच रान नांगर. आन् ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय टाकू नको." मी बी रागात व्हतो. न्हाई टाकला.

मागनं भिमाजी लष्करात हिकडं आला व्हता, आमच्या भावकीतला. त्यानं सांगितलं, तिनं पायातली जोडवी काढून इहिरीत टाकली. नवरा मेला म्हणून. मग यायचं काय राहिलं? मेल्यालं माणूस परत जात न्हाई.

इहिरीवर मोट आजून चालती का? बैल कुठला हाय, कसा चालतो? पारावरचा आंबा हाय का? हे तुझ्या खेळासाठी इचारतो, दुसरं काय न्हाई.

कोंडाजी


पिंपरी,
६ जानेवारी १९५७

ती. काका,

उशीर झाला, माफ करा. डिसेंबरभर शिफ्ट होती. पण प्रत्येक रविवारी रहाटणीला गेलो! काकूंनी खळ्यावर प्रॅक्टिस करायला दिली. आधी म्हणाल्या, "सारवलेलं खळं उखणलंस तर त्याच काठीनं तुझी तंगडी." आता स्वतःच बांधावर बसून बघतात.

तुमचं नाव मीच सांगून टाकलं. म्हणजे काय झालं, त्यांनी विचारलं, "हे पाय कुणाला धाडतोस?" मी मातीचा डबा पुसायला लागलो. तर म्हणाल्या, "वाच मग, काय लिवलंय त्यानं." मी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. भिमाजीचा भाग गाळणार होतो, पण मला वाचता वाचता गाळता येत नाही. काकू उठून बैलाला वैरण टाकायला गेल्या. ती तर आधीच टाकलेली होती.

मोट चालते. त्यांचा एकच बैल आहे, दुसरा शेजारच्या रानातल्या अर्जुनरावांचा. वारंगुळा आहे दोघांचा, एक दिवस जोडी ह्यांच्या रानात, एक दिवस त्यांच्या. आठ वर्षं असंच चाललंय. आंबा आहे.

आणि काका, मला दिसलं! मोट ओतत असताना बैलाचा मागचा पाय उचललेला होता. पाणी अजून पडतंय आणि पाय निघालाय. मी तिथूनच ओरडलो. काकू म्हणाल्या, "काय साप बघितलास?" मी तसाच माळावर गेलो आणि पहिलाच बॉल नाल्यापलीकडे, सरळ, जसा दोरीनं आखलाय. हातांना काही कळलंच नाही. दहापैकी सहा सरळ गेले.

पाच कागद पाठवतोय. त्यातला शेवटचा खराब झालाय. मी सुकायला ओट्यावर ठेवला होता, कोणाचा तरी पाय पडला माझ्या ठशांच्या शेजारी. डावा पाय, लहान आहे. दुसरा कागद उरला नव्हता म्हणून तोच पाठवतो. त्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या बुडाशी एक गोल कडं उमटलंय. कागदाखाली खडा आला असेल. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका, माझे पाय बघा.

दहा फेब्रुवारीला माझं नाव लागलंय. काका, माझी पिशवी धरायला याल का? तुम्ही मागे उभे असलात की मी हरणार नाही.

उद्धव


वेलिंग्टन,
१९ जानेवारी १९५७

उद्धवा,

तुझं पाय बराबर हायेत. आता मला तुला शिकवाया काय उरलं न्हाई.

त्यो खडा न्हाई. जोडवं हाय.

मी त्यो पाय वळखतो. त्ये दुसरं बोट आत वळल्यालं हाय, लगनात जोडवी घालताना सोनाराला तरास झाला व्हता. आन् त्यो पाय चुकून पडल्याला न्हाई. चुकून पडला तर घसरतो, कड फाटती. ह्यो दाबून ठेवलाय. कागदावर सरळ उभी ऱ्हाऊन. वजन समदं चवड्यावर हाय, टाच दिसतच न्हाई. माणूस कुणाची वाट बघताना आसं उभं ऱ्हातं.

आठ वरीस मी भिमाजीचं ऐकून बसलो.

सोबत एक कागद हाय, माझ्या पायाचा. तुझ्या समद्या कागदांवरची वाळली माती सुरीनं खरवडली, वाटीत भिजवली, त्यातच पाय बुडवलं. तुला खोटं सांगितलं व्हतं पोरा. ठशाला कुटलीबी माती चालती. मला आमची पायजे व्हती.

हा कागद तिला दे. काय लिवलं न्हाई. तिला वाचता येत न्हाई आन् मला ते लिवता येत न्हाई. इचार, मी येऊ का. ती व्हय म्हणाली तर लगीच कळव, मग निघतो. न्हाई म्हणाली तरी कळव.

कोंडाजी


पिंपरी,
२७ जानेवारी १९५७

ती. काका,

आज सकाळी गेलो. कागद दिला. मी सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ह्ये उद्धवा तुझं न्हाईत. तुझी बोटं माकडावाणी लांब हायेत."

ओसरीत कागद जमिनीवर पसरला आणि समोर बसल्या. हात नाही लावला. मी विचारलं, "काकू, काका विचारतात, येऊ का?" मी परत विचारलं. तर ठशावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "बघ. दोनी टाचा रुतल्यात मेल्याच्या. चवडा नुसता टेकलाय. वजन समदं मागं हाय. निघायचं म्हणतो आन् निघालाय कुठं?"

काका, मी थक्क झालो. तीन महिने मी पत्रं वाचत होतो आणि सगळं शिकत त्या होत्या!

मग मी धीर करून जोडव्याचं विचारलं. म्हणालो, भिमाजी सांगत होते की विहिरीत टाकली.

"टाकलं की. उजव्या पायातलं टाकलं. डाव्यातलं निघंना, बोट सुजलं व्हतं."

"मग सूज उतरल्यावर?"

"मग काय? कामं नव्हती का मला? मोट कुणी हाणायची, तुझ्या काकानं?"

एवढं बोलून आत गेल्या. मला वाटलं संपलं सगळं. मी सायकल काढली. तेवढ्यात त्या वाटीत कणकेची खळ घेऊन बाहेर आल्या. कागद उचलला. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, अगदी लगटून, जमिनीवर चिकटवला. बोटं घराकडे, टाचा उंबऱ्याकडे. लक्ष्मीची पावलं काढतात तसा. हातानं चारी कोपरे दाबले.

"लिव त्याला," म्हणाल्या, "पाय आत आलं हायेत. बाकीचा कवा येतो त्ये त्यानं बघावं."

हे हो आहे की नाही, मला कळत नाही. मला वाटतं हो आहे. मी उद्या सकाळीच हे पत्र टाकतो. तुम्ही मिळाल्या मिळाल्या निघा. मॅचला अजून चौदा दिवस आहेत, पण मॅचचं राहू दे. काकू कागदावरून पाय जाऊ नये म्हणून उंबरा ओलांडताना लांब ढांग टाकतात, आणि आज तीनदा विनाकारण आतबाहेर केलं.

उद्धव


गुंटकल स्टेशन,
२८ जानेवारी १९५७

चि. उद्धवास,

हे कार्ड गाडी बदलताना लिवतोय. तुझ्या पत्राची वाट बघितली न्हाई.

कागद पोष्टात टाकून खोलीवर आलो तर फरशीवर माझं मातीचं पाय उरलं व्हतं. बघितलं. टाचाच टाचा. सात दिवस त्या ठशांना वळसा घालून चाललो, पुसवंना. ती व्हय म्हणाली की निघायचं, म्हंजी काठी वर पोचल्यावर निघायचं. तुला इतकं दिवस काय शिकवत व्हतो मी? लाज वाटली. परवा पहाटं उठलो आन् निघालो. काय जबाब आला आसंल ते मला ठावं न्हाई. तू आता सांगूबी नको.

काठ्या हितल्या पोरांना वाटल्या. तुझी पिशवी मातूर धरीन, ते कबूल हाय.

रहाटणीला आधी जातो. उंबऱ्याभायेर उभं केलं तर उभा ऱ्हाईन. आतनं काय बी बोलू दे, मागं सरणार न्हाई. वजन डाव्या पायावर ठेवून उभा ऱ्हाईन. आन् येकटा बैल बांधल्याला आसंल तर त्याच्याशेजारी जोडीला माझी जागा हायेच.

गाडी लागली.

कोंडाजी